पाठीवरची जखम आतून भरते: मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरच्यांनी काय करावे

मणक्याच्या ऑपरेशनची तारीख ठरते आणि सर्जन जाता जाता सांगतात, की शेवटी जखम बंद करायला प्लास्टिक सर्जन येतील. हे ऐकून बाहेरच्या बाकावर बसलेले घरचे लोक एकमेकांकडे पाहतात. "पाठीला कशाला प्लास्टिक सर्जन? आत प्लास्टिक बसवणार का?" हा प्रश्न मला अक्कलकोटकडच्या शेतकऱ्यानेही विचारला आहे आणि जुळे सोलापुरात राहणाऱ्या शिक्षकानेही. मी परिचारिका आहे. बरीच वर्षे वॉर्डात काम केले, आता सोलापुरात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. अशा रुग्णाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. यातली माहिती सर्वसाधारण आहे, त्यामुळे आपल्या सर्जनांनी डिस्चार्ज कार्डावर काही वेगळे लिहिले असेल तर ते कार्डच प्रमाण मानावे.

आधी आत काय घडते ते समजून घ्यावे

मणक्यापर्यंत पोहोचायचे तर कातडी, चरबी आणि पाठीचे घट्ट पांढरे आवरण कापावे लागते, आणि मणक्याच्या दोन्ही अंगांनी उभे धावणारे जाड स्नायू हाडापासून सोडवून बाजूला ओढून धरावे लागतात. काम संपते तेव्हा आत स्क्रू आणि रॉड असतात, थोडे हाड काढलेले असते, आणि कित्येक तास ओढून धरलेले स्नायू दमलेले असतात. अशा वेळी फक्त वरची कातडी नीट शिवली, तर बाहेरून सगळे छान दिसते, पण खाली पोकळी उरते. त्या पोकळीत रक्त आणि पाणी साचते आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. धातूला रक्तपुरवठा नसतो. जंतूंनी त्याच्यावर एकदा चिकट थर धरला, की रक्तातून जाणारे अँटिबायोटिक तिथवर पुरेसे पोहोचत नाही. पाठीची जखम बिघडते ती बहुतेक वेळा अशी आतून, आणि टाक्यांवर ते दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

प्लास्टिक सर्जन ही पोकळी जिवंत मांसाने भरतात. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू त्यांच्या रक्तवाहिन्या शाबूत ठेवून सैल केले जातात, मध्यभागी आणले जातात आणि रॉडवर पांघरूण घालावे तसे एकमेकांना शिवले जातात. यालाच डॉक्टर फ्लॅप म्हणतात. मान आणि वरच्या पाठीसाठी खांद्यामागचा स्नायू, मधल्या पाठीसाठी बगलेखालून येणारा रुंद स्नायू, आणि अगदी खाली माकडहाडाजवळ कुल्ल्याचा स्नायू वापरण्याची वेळही काही रुग्णांवर येते. स्नायूबरोबर रक्त येते, रक्ताबरोबर प्राणवायू, पांढऱ्या पेशी आणि औषध येते, आणि वरच्या कातडीवरचा ताण कमी होतो. एका यंत्रमाग कामगाराला मी हे सांगत होते, तेव्हा माझे वाक्य पुरे व्हायच्या आतच तो म्हणाला, "म्हणजे ताण्याला ओढ बसली की धागा तुटणार." मला जे सांगायला पाच मिनिटे लागली असती ते त्याने एका वाक्यात सांगितले.

'प्लास्टिक' हा शब्द घडवणे, आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. बादलीच्या प्लास्टिकचा इथे संबंध नाही. रक्तपुरवठा न तोडता मांस एका जागेवरून दुसरीकडे वळवण्याची युक्तीही आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेत नाक घडवण्याची रीत आहे, आणि पुण्याकडे कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवल्याची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. त्यानंतर युरोपातल्या सर्जनांनी ती रीत उचलली.

प्रत्येक मणक्याच्या ऑपरेशनला याची गरज नसते. एका गादीचे, दोन इंचांच्या छेदाचे ऑपरेशन साध्या टाक्यांनी भरून येते. लांब स्क्रू-रॉड घातलेले, त्याच जागी दुसऱ्या-तिसऱ्यांदा होणारे, पूर्वी शेक म्हणजे रेडिएशन घेतलेले, आधीच जंतुसंसर्ग झालेले, मधुमेह, स्थूलपणा किंवा कुपोषण असलेले रुग्ण, आणि मणक्याला जन्मजात फट असलेली बाळे, अशांसाठी सर्जन आधीच दुसऱ्या हाताची मदत मागतात. ती मागितली म्हणजे काहीतरी बिघडले, असा अर्थ काढू नये.

पहिली पायरी: ऑपरेशनआधीचे चार ते सहा आठवडे

तातडीचे ऑपरेशन असेल तर हा वेळ मिळत नाही. मिळत असेल तर तो वाया घालवू नये, कारण जखम भरेल की नाही याचा बराचसा निकाल इथेच लागतो.

सर्वांत आधी तंबाखू. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फ्लॅप जगतो तो त्याच बारीक वाहिन्यांवर. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तंबाखू कोणत्याही रूपात नको, असे सर्जन सांगतात. इथे सोलापुरात एक अडचण नेहमी येते. "मी विडी ओढत नाही" असे बाई अगदी खरे सांगते, पण सकाळी मिश्री लावते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे आणि तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जाते. शिवाय आपल्याकडे हजारो बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, आणि त्या तंबाखूची धूळ श्वासातून आणि हातांतून थोडीफार शरीरात जातेच. म्हणून डॉक्टरांना सवय सांगताना ओढणे, चघळणे, लावणे आणि वळणे हे चारही सांगावे. लाजून लपवू नये. निकोटीनची गोळी किंवा चिकटपट्टी घ्यायची असेल तर तीही विचारूनच घ्यावी, कारण तिच्यातही निकोटीन असतेच.

दुसरी गोष्ट साखर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी बहुतेक सर्जन साधारण ८ च्या खाली मागतात, आणि ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांत रक्तातली साखर १८० च्या आत ठेवायचा प्रयत्न करतात. कधी मधुमेह तपासलाच नाही, अशांनी तो आवर्जून तपासावा. पाठ दुखते म्हणून भरती झालेल्या माणसाला आपल्याला साखर आहे हे वॉर्डातच कळते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

रक्त कमी असेल तर ते वाढवावे, किडलेला दात दाखवून घ्यावा, पाठीवर फोड किंवा पुळी असेल तर आधीच सांगावे. पाठीचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. वस्तऱ्याच्या बारीक जखमांतून जंतू शिरतात. गरज पडली तर रुग्णालयात मशीनने कापतात.

खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच भेटावे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत आपले ऑपरेशन बसते का, आणि फ्लॅपचे काम त्याच मंजुरीत धरले आहे की वेगळी मंजुरी लागेल, हे दोन्ही प्रश्न स्पष्ट विचारावेत. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरच्या नावांत फरक असेल तर तो निस्तरायला दिवस लागतात. मणक्याच्या क्षयरोगाचे रुग्ण आपल्याकडे बरेच असतात. त्यांची नोंद निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर झालेली असेल तर उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात मिळतात. ते अंडी-दुधावरच खर्च व्हावेत.

दुसरी पायरी: वॉर्डातले दिवस आणि ती नळी

ऑपरेशननंतर पाठीतून एक किंवा दोन नळ्या बाहेर आलेल्या दिसतील. त्यांच्या टोकाला दाबून सपाट केलेला फुगा किंवा डबा असतो. तो आपोआप फुगताना आतले रक्त-पाणी ओढून घेतो, त्यामुळे स्नायूचे थर एकमेकांना चिकटून राहतात. फ्लॅप केलेल्या रुग्णाच्या नळ्या नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवतात. चोवीस तासांत साधारण ३० मिलीपेक्षा कमी पाणी येऊ लागले की काढायचा विचार होतो, आणि कधी कधी रुग्णाला नळीसकट घरी पाठवतात. म्हणून ती रिकामी करायला वॉर्डात असतानाच शिकून घ्यावे, आणि सिस्टरांसमोर एकदा स्वतः करून दाखवावे.

रीत अशी आहे. हात साबणाने धुवावेत. फुग्याचे बूच उघडावे, पण त्याच्या तोंडाला बोट लावू नये. सगळे पाणी मापाच्या कपात ओतावे. कप डोळ्यांच्या पातळीवर धरून आकडा वाचावा, कारण वरून पाहिले तर चुकतो. तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. मग फुगा मुठीत पूर्ण दाबावा आणि दाबलेला असतानाच बूच लावावे. हात सोडल्यावर फुगा सपाटच राहिला तर काम बरोबर झाले. लगेच फुगला तर कुठेतरी हवा शिरते आहे. मात्र मज्जारज्जूच्या आवरणाला छिद्र पडले होते असे सर्जनांनी सांगितले असेल, तर फुगा दाबायचा की नाही हे त्यांना विचारल्याखेरीज दाबू नये. अशा रुग्णात ओढ लावणे घातक ठरू शकते.

वहीत वेळ, मिली आणि रंग लिहावा. रंग आधी लाल, मग गुलाबी, मग गवती चहासारखा पिवळसर होत जातो. हा क्रम उलटला, म्हणजे पिवळे येता येता अचानक लाल आले, तर त्याच तासाला कळवावे.

इथे माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णाच्या नळीतून रात्री ६० मिली आले आणि सकाळी फक्त ५. मी वहीत ५ लिहिले आणि आता नळी निघणार म्हणून त्यांच्या मुलीला हसत सांगितले. दुपारी पट्टीखाली लिंबाएवढा फुगवटा आला. नळीत रक्ताची गुठळी अडकली होती आणि पाणी आतच साचत होते. रुग्णाला पुन्हा ऑपरेशन थिएटरात न्यावे लागले. आकडा हळूहळू उतरला तर जखम भरते आहे असे समजावे, आणि तो एकदम पडला तर नळी तुंबली का ते पाहावे, एवढे मी तेव्हापासून पक्के धरले आहे.

वॉर्डात शिकायची दुसरी गोष्ट म्हणजे कूस वळवणे. ओंडका वळवावा तसे खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी वळले पाहिजेत. कंबरेत पीळ पडला तर आतल्या शिवणीवर ओढ येते. सुरुवातीला दोन माणसे लागतात. फ्लॅपवर सतत भार पडला तर त्याचे रक्त अडते, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलतात. पाठीवर किती वेळ झोपायचे हे प्रत्येक रुग्णागणिक ठरते, ते विचारून घ्यावे. पायांची संवेदना गेलेल्या रुग्णाला दुखतच नाही, त्यामुळे त्याच्याबाबतीत घड्याळ आपणच पाहावे लागते. त्याच्या टाचा आणि माकडहाड रोज उजेडात तपासावे.

तिसरी पायरी: घरी आणणे आणि घर तयार करणे

पुण्यात ऑपरेशन झालेल्यांना साधारण अडीचशे किलोमीटर यायचे असते. एसटीच्या मागच्या सीटवर बसून आणू नये. रुग्ण आडवा येऊ शकेल अशी गाडी करावी, चालकाला गतिरोधकावर थांबत चालवायला सांगावे, आणि बसून यायची परवानगी असेल तरी दर तासाला थांबून उठवावे. नळीचा फुगा कपड्याला पिनने अडकवून जखमेच्या पातळीखाली ठेवावा. दारात अडकून नळी ओढली जाणे हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त घडतो.

घरात रुग्णाची खाट संडासाजवळच्या खोलीत हलवावी. उकिडवे बसायचे नाही, म्हणून कमोडची खुर्ची आधीच भाड्याने आणून ठेवावी. छेद कंबरेच्या खालच्या भागात असेल तर शौचाचा अंश पट्टीला लागण्याची भीती सर्वांत मोठी. धुताना पाणी आणि हात पुढून मागे जावेत, पट्टीची खालची कड रोज तपासावी, आणि ती ओली किंवा मळलेली दिसली तर ड्रेसिंगच्या दिवसाची वाट न पाहता बदलावी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी ते होतेच, म्हणून पोट साफ होण्याचे पातळ औषध आणि भरपूर पाणी पहिल्या दिवसापासून द्यावे.

सोलापूरच्या दोन गोष्टी इथे आडव्या येतात. पहिली पाण्याची. कित्येक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे घरात पिंप आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतात. ते साठवलेले पाणी जखमेवर घेऊ नये. अंग पुसायला रोज थोडे उकळून गार केलेले पाणी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवावे. याहून मोठा धोका म्हणजे पाणी आले की रुग्णच उठतो. एका घरी मी दुपारी पोहोचले, तर ऑपरेशनला सोळा दिवस झालेल्या काकू स्वयंपाकघरात वाकून कळशी उचलत होत्या. "मुलगा कामावर गेला होता, पाणी जायची वेळ झाली होती, काय करणार?" असे त्या म्हणाल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या मुलाला पाण्याच्या दिवशी बोलवायचे हे आम्ही तिथेच ठरवले, आणि कळशी माळ्यावर टाकली.

हे इतके का टाळायचे, ते आकड्यांवरून कळेल. एका आठवड्याच्या जखमेत मूळ कातडीच्या बळाच्या दहा टक्केही बळ नसते. तीन आठवड्यांनी ते साधारण २० ते ३० टक्क्यांवर येते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते, आणि शंभर टक्के पुन्हा कधीच होत नाही. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली हा समज त्यामुळे चुकीचा आहे. टाके निघतात त्या दिवशी ती सर्वांत फसवी असते. पहिले सहा आठवडे दोन ते पाच किलोंपलीकडे काही उचलू नये असे बहुधा सांगतात. भरलेली कळशी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, घामाने चिकटपट्टी सुटते आणि पट्टीखालची कातडी भिजून पांढरी पडते. कूलर लावावा, पण त्याचा दमट झोत पाठीवर येऊ देऊ नये आणि त्याचे पाणी नियमित बदलावे. कमरेचा किंवा पाठीचा पट्टा दिलेला असेल तर तो उघड्या अंगावर बांधू नये. आत शिवण नसलेली सुती बनियन घालावी, आणि पट्टा काढला की जखमेवर त्याची कड घासली का ते पाहावे. अर्ध्या तासात न जाणारी लाली दिसली तर पट्टा दुरुस्त करून घ्यावा.

आंघोळ कधी करायची, हे सर्जन सांगतील. नळी आहे तोवर अंग पुसणेच बरे. टाके निघून जखम पूर्ण कोरडी झाल्यावरही बरेच दिवस विहीर, पोहण्याचा तलाव आणि चंद्रभागेतले स्नान टाळावे. आषाढीला तीरावरून दर्शन घेऊन पायांवर पाणी घेतले तरी चालते, असे माझ्या एका वारकरी रुग्णाला त्यांच्या सर्जनांनीच हसत सांगितले होते.

चौथी पायरी: ड्रेसिंग

काही सर्जन बंद पट्टी पाच-सात दिवस उघडूच नका म्हणतात. ती उघडून "जरा बघू" म्हणणारा पाहुणा खोलीबाहेर ठेवावा. बदलायची सूचना असेल तर पंखा बंद करावा, दार लावावे, सामान स्वच्छ कपड्यावर मांडून ठेवावे आणि मगच हात धुवावेत. जुनी पट्टी कातडीला समांतर हलके सोडवत काढावी. सरळ वर ओढू नये. चिकटली असेल तर सलाइनने भिजवावी. काढलेल्या पट्टीवरच्या डागाचा आकार आणि रंग पाहावा, वास घ्यावा, आणि सर्जनांनी मागितला असेल तर त्याच कोनातून, त्याच उजेडात फोटो काढावा. मग हात पुन्हा धुवून नवे हातमोजे घालावेत. टाक्यांच्या रेषेवरून पुसताना प्रत्येक फेरीला नवा गॉज घ्यावा. रेषा आधी पुसावी, बाजूची कातडी नंतर, आणि नळीचे छिद्र सर्वांत शेवटी. पूर्ण वाळल्यावर नवी पट्टी लावावी.

जखमेवर हळद, कॉफी, टूथपेस्ट, तेल किंवा अंगारा लावू नये. अंगारा श्रद्धेने कपाळाला लावावा, त्याला कोणाची हरकत नाही. मालीश करणाऱ्याला किंवा हाड बसवणाऱ्याला पाठीला हात लावू देऊ नये.

पाठीचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. मधुमेह, आधीचे शेक किंवा फ्लॅप असेल तर तीन आठवडेही ठेवतात. आतले टाके विरघळणारे असतात. काही आठवड्यांनी एखादे टोक काट्यासारखे वर आले तर ते स्वतः उपटू नये.

पाचवी पायरी: ताट

या विषयावर मी जरा रागाने लिहिते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. ऑपरेशन झाले की घरातली वडीलधारी मंडळी ताटातून डाळ काढतात, अंडे काढतात, वांगे आणि आंबट काढतात, कारण "पू होतो". उरते ती पेज आणि पोळीचा कुस्करा. ज्या दिवसांत शरीराला नवे मांस विणायचे असते, नेमके त्याच दिवसांत सूत तोडले जाते. डाळीने किंवा अंड्याने पू होत नाही. पू जंतूंनी होतो, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी प्रथिनांपासूनच बनतात.

जखम भरत असताना प्रत्येक किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. हे ऐकून पावडरचा महाग डबा आणायला धावण्याची गरज नसते. दोन अंड्यांचे १२ ग्रॅम, दोन पेले दुधाचे १३, दोन वाट्या घट्ट वरणाचे १४, एक वाटी मटकीच्या उसळीचे ७-८, मूठभर शेंगदाण्यांचे, म्हणजे आपल्या शेंगाचटणीच्या चांगल्या दोन-तीन चमच्यांचे, ७-८, आणि तीन ज्वारीच्या भाकरींचे १५. बेरीज सत्तरच्या आसपास जाते. त्यात पनीर किंवा थोडे चिकन आले की काम झाले. चटणी तिखटजाळ नको, एवढेच. कडक भाकरी चावायचे त्राण नसेल तर ती दुधात किंवा वरणात भिजवून द्यावी. पेरू, आवळा आणि लिंबू रोज असावेत, कारण नवे तंतू विणायला क जीवनसत्त्व लागते. म्हणजे आंबट काढायचे नाही, उलट वाढायचे. फक्त मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी भाकरी मोजून खावी, डाळ-अंडी मोजण्याच्या नादात कमी करू नयेत.

केव्हा थांबायचे नाही

पायांत नव्याने कमजोरी आली, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर सकाळची ओपीडी पाहू नये. १०८ ला फोन करून थेट ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. आत साचलेल्या रक्ताचा दाब मज्जातंतूंवर येत असेल तर काही तासांचा फरकही आयुष्यभराचा ठरतो. अचानक वाढणारा फुगवटा आणि नळीतून भरभर येणारे लाल रक्त हेही याच रांगेतले.

पट्टी पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाने भिजते आहे आणि उठून बसले की डोके ठणकते, आडवे झाले की थांबते, असे असेल तर मज्जारज्जूभोवतीचे पाणी गळत असण्याची शक्यता असते. रुग्णाला आडवे ठेवून लगेच फोन करावा. १००.४ फॅरनहाइटवर ताप, रोज पसरणारी लाली, वास, पू, टाक्यांच्या मध्ये पडलेली फट, किंवा कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, यांसाठी त्याच दिवशी दाखवावे. घरात उरलेले अँटिबायोटिक सुरू करू नये. त्याने वरचा ताप दबतो, आतला संसर्ग राहतो आणि तपासणीत जंतू सापडत नाहीत. स्क्रू-रॉड असलेल्या जखमेवर किमान ९० दिवस बारीक नजर ठेवतात, आणि खोल संसर्ग त्याहून उशिराही डोके वर काढू शकतो.

जखम उसवलीच तर

हे घडले म्हणजे सगळे संपले, असे नाही. बहुधा पुन्हा थिएटरात नेऊन आत धुतात, खराब झालेला भाग काढतात, आणि हाड जुळेपर्यंत रॉडची गरज असल्याने शक्य तेवढे रॉड जागेवरच ठेवतात. त्यानंतर कित्येक आठवडे अँटिबायोटिक चालते. काही दिवस व्हॅक मशीन लावले जाते. जखमेत स्पंज, वर हवाबंद पारदर्शक कागद, आणि मशीन सहसा १२५ मिमी पाऱ्याच्या दाबाने सतत ओढत राहते. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. मशीन दिवसातून एकूण दोन तासांपेक्षा जास्त बंद राहू नये, म्हणून वीज जाण्याआधी त्याची बॅटरी भरलेली असावी. गळतीचा आवाज आला तर कागदाची कड दाबून पाहावी, आणि तरी थांबला नाही तर फोन करावा. अनेकदा जखम स्वच्छ झाल्यावरच प्लास्टिक सर्जन फ्लॅप करतात. पहिल्या वेळी ज्यांची गरज पडली नव्हती, त्यांना ते या टप्प्यावर भेटतात.

टाके निघाल्यानंतर

व्रण आधी लालसर, उंच आणि खाजरा असतो. तो फिका आणि सपाट व्हायला वर्ष, कधी दीड वर्ष लागते. खपली नसलेल्या, पूर्ण मिटलेल्या व्रणावर सर्जनांना विचारून सिलिकॉन जेल लावता येते. पाठीचा काही भाग बधिर राहतो आणि फ्लॅपच्या जागी थोडा भरगच्चपणा जाणवतो, त्याची भीती बाळगू नये. व्रण मूळ जखमेच्या सीमेबाहेर वाढू लागला तर मात्र दाखवावे.

कामावर परत जायची घाई सगळ्यांनाच असते. यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणारा आणि जमिनीवर बसून विड्या वळणारी, या दोघांना वेगळी उत्तरे मिळतात, म्हणून सहा आठवड्यांच्या भेटीला जाताना "कधीपासून काम करू?" एवढेच विचारू नये. काम कसे करता ते खुर्चीत किंवा खाली वाकून प्रत्यक्ष दाखवावे. वर सांगितलेल्या काकूंनी त्या भेटीत सूप मांडीवर घेऊन बसायची नक्कल करून दाखवली. सर्जनांनी त्यांना तीन महिने जमिनीवर बसायला मनाई केली. त्यांच्या मुलाने सूप ठेवायला कंबरेच्या उंचीचा जुना लाकडी बाक शोधून आणला. विड्यांचे काम पुन्हा धरायचे की नाही, हे काकूंनी अजून ठरवलेले नाही, पण मिश्रीची डबी त्या दिवसापासून घरात नाही.